संसर्गजन्य नाही

काडी आत गेली आणि जातच राहिली. नाकाला एवढं आत असतं हे त्याला सत्तावन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. बाहेरून पाहिलं तर नाक म्हणजे चष्मा टेकवायची जागा. आत मात्र खोल्यांमागून खोल्या निघाल्या, आणि नमुना घेणारी मुलगी सगळ्यांत मागच्या बंद खोलीच्या कडीपर्यंत जाऊन पोचली. तिथं तिनं काडी दहा वेळा फिरवली. तो मोजत होता. दहावा फेरा पुरा झाला, काडी बाहेर आली आणि त्याच क्षणी त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. उजवा कोरडा ठणठणीत. "झालं काका, झालं," मुलगी म्हणाली. तिचं तोंड झाकलेलं असल्यामुळे ती हसतेय की कंटाळलीय हे कळायला मार्ग नव्हता. "सगळ्यांनाच येतं पाणी. दोन मिनिटांत थांबेल." त्यानं घड्याळ पाहिलं. नऊ वाजून चौदा मिनिटं झाली होती. नऊ सोळाला त्यानं पुन्हा पाहिलं. पाणी येत होतं. तसाच तो मुलीकडे परत गेला आणि म्हणाला, "दोन मिनिटं झाली." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, नोंद होती. पुढच्या माणसाच्या नाकात काडी घालता घालता ती म्हणाली, "मग चार मिनिटांत थांबेल."

वजनमापं खात्यात तो निरीक्षक होता. एकोणतीस वर्षं दुकानादुकानांतून तराजू तपासत फिरला होता आणि खात्यातले लोक त्याला काटा म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि एका निरोप समारंभात साहेबांनीच माइकवरून म्हटल्यावर ते नाव सरकारी झालं. त्याला राग नव्हता. काटा ही गोष्ट त्याला आवडायची. काटा खरं बोलतो आणि एकदाच बोलतो. पण काट्यालासुद्धा थोडी सूट असते. कुठलाही तराजू अगदी बरोबर नसतो, हे कायद्याला ठाऊक आहे, म्हणून किलोमागे अमुक इतकी चूक चालते. तिला क्षम्य त्रुटी म्हणतात. हे दोन शब्द त्यानं आयुष्यात इतक्या वेळा लिहिले होते की त्यांचा अर्थ झिजून गेला होता. आता बंदरावरच्या या हॉलमध्ये, एका डोळ्यावर रुमाल धरून बसल्यावर, त्याला ते आठवले. कारण इथं तसली काही सोय दिसत नव्हती. समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलं होतं: प्रवाशाचा अहवाल निर्दोष असावा. त्याच्याखाली दुसरा कागद होता, जरा घाईत चिकटवलेला: डोळे वाहत असलेल्या प्रवाशांस जहाजावर घेतले जाणार नाही. यामागची हकीकत रांगेतच कळली होती. मागच्या फेरीला कुणीतरी एक जण डोळे आलेला माणूस चढला होता आणि सहाव्या दिवशी जहाजावरचे आठशे अकरा लोक, कप्तानासकट, लाल डोळ्यांनी उतरले होते. सगळ्यांच्या सहलीच्या फोटोंत सगळे काळ्या चष्म्यात होते. त्यामुळे फोटो पाहून कोण कुणाचं हे घरच्यांनाही सांगता येत नव्हतं.

त्याच्या शेजारी त्याची बायको बसली होती. तिच्याही नाकात काडी गेली होती. ती एकदा शिंकली होती आणि विषय संपला होता. तिच्या पायांत नवे बूट होते, पांढऱ्या तळव्यांचे, आणि ते जमिनीला लागून मळू नयेत म्हणून ती पाय किंचित उचलून बसली होती. खुर्च्या चार-चारच्या होत्या, एकाच लोखंडी दांडीवर ठोकलेल्या. एका टोकाचा माणूस उठला की दुसऱ्या टोकाचा खाली जायचा. तो हे मघापासून पाहत होता. असल्या गोष्टी त्याला आपोआप दिसत. ही दांडी मध्यावर टेकलेली नव्हती, डावीकडे जवळजवळ दोन बोटं सरकलेली होती, त्यामुळे तो बायकोपेक्षा हलका असूनही खाली होता. त्याच्या खात्यात हा तराजू पास झाला नसता. "थांबलं का?" बायकोनं विचारलं. "नाही." "दाबून धरा." "दाबूनच धरलाय." "मग सोडून बघा," ती म्हणाली. त्यानं सोडून बघितलं. थेंब गालावरून निघाला, मिशीपाशी जरा घुटमळला आणि हनुवटीवरून फॉर्मवर पडला, बरोबर प्रश्न क्रमांक अकरावर. प्रश्न असा होता: गेल्या चोवीस तासांत आपले डोळे वाहिले आहेत काय?

घरातले सगळे फॉर्म तोच भरायचा. हे लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात ठरलं आणि मग कुणी त्याला हात लावला नाही. बायको म्हणायची, मी दिवसभर लोकांना उत्तरं देते, कागदाला तरी तुम्ही द्या. ती एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत होती. तीस वर्षं. अर्धगोल भोक असलेली काच, काचेमागे ती, आणि काचेपुढे साऱ्या जगाला कुठंतरी जायचं असायचं. सात चाळीस, फलाट नऊ. गेली, आता दुपारी. ती आज रद्द आहे. कधी येईल? बघू. हा 'बघू' तिनं कितीदा म्हटला असेल याचा त्यानं एकदा हिशेब मांडून पाहिला होता आणि चार लाखांवर सोडून दिला होता. तीन महिन्यांपूर्वी ती निवृत्त झाली, पण अजून घरचा फोन उचलला की म्हणायची, "बोला, कुठं जायचंय?" मुलीनं परगावाहून दोघांना क्रूझची तिकिटं पाठवली तेव्हा बायकोनं एकच गोष्ट विचारली: "त्या बोटीला स्टँड असतो का?" मुलगी म्हणाली, "नाही आई, ती सुटते आणि सहा दिवस कुठं थांबतच नाही, पाण्यात असते नुसती." त्या दिवसापासून बॅग पलंगावर होती. रोज संध्याकाळी ती भरायची, सकाळी रिकामी करायची आणि पुन्हा भरायची. विचारलं तर म्हणायची, वजन बघतेय. वजन तर त्यानं पहिल्याच दिवशी करून दिलं होतं, दशांशासकट. तिला फक्त भरायची होती. सहा दिवस असे की कुणी तिला कुठली गाडी कुठून लागते हे विचारणार नाही, आणि ज्या गाडीत ती बसली आहे तिची वेळ तिनं स्वतः पुकारलेली नाही. एवढंच तिला हवं होतं. आणि तेवढं सगळं आता त्याच्या डाव्या डोळ्यावर अवलंबून होतं.

"नाहीवर खूण करा," बायको म्हणाली. "वाहतोय की." "आत्ता वाहतोय. फॉर्म पुढं जाईपर्यंत थांबेल." "पण प्रश्न गेल्या चोवीस तासांचा आहे." "अहो, त्या मुलीनं काडी घातली म्हणून आलंय. हे काय तुमचं पाणी आहे का? ते त्यांचंच आहे. त्यांनीच काढलंय." हा मुद्दा त्याला क्षणभर पटला. मग त्यानं घड्याळ पाहिलं. दहा वाजून वीस. एका काडीचं पाणी सहासष्ट मिनिटं टिकत नाही, हे त्याला डोळ्यांतलं काही कळत नसूनही कळत होतं. त्यानं 'होय'वर खूण केली. आयुष्यात त्यानं कुठल्याही कागदावर खोटं लिहिलं नव्हतं. तो काही फार मोठा सद्गुणी होता म्हणून नव्हे. खोटं लिहिताना पेन कसं धरायचं हेच त्याला ठाऊक नव्हतं. बायकोनं खूण पाहिली. ती उठली आणि दोन रांगा सोडून पलीकडे जाऊन बसली, आणि ती उठताच दांडी वर-खाली झाली आणि तो एकटा चार बोटं खाली गेला. लांबून तिची पाठ दिसत होती. नवे बूट आता तिनं सरळ जमिनीवर टेकवले होते.

दारावर उभा असलेला सुरक्षारक्षक मघापासून त्याच्याकडे पाहत होता. अखेर राहवेना तेव्हा तो जवळ आला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "धीर धरा, साहेब." "मला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "माझा मेव्हणाही असंच म्हणायचा," रक्षक म्हणाला. "मग? काय झालं त्यांचं?" त्यानं न राहवून विचारलं. "काय होणार? गोव्याच्या पुढं कुठंतरी हॉटेल टाकलंय त्यानं. चांगलं चाललंय. पण आमच्याकडे येत नाही आता." एवढं सांगून रक्षकानं स्वतःच्या खिशातला रुमाल काढला, नीट घडी घातलेला, आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवून दारापाशी परत गेला. नंतर आणखी दोघा-तिघांनी येऊन त्याची विचारपूस केली. एका आजोबांनी त्याला स्वतःची जागा देऊ केली. तो बसलेलाच होता हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. अकराच्या सुमाराला दोघांचेही अहवाल आले. दोघंही निर्दोष. खिडकीतल्या माणसानं त्याच्या अहवालावर टाचणी लावून एक गुलाबी चिठ्ठी जोडली: डोळा, तीन वाजता डॉक्टरांना दाखवणे. त्यांनी सही दिली तर पाच वाजता जहाज, नाही दिली तर घर. आणि पंचाहत्तर पानी नियमावलीत कुठंतरी असंही होतं की एका खोलीतला एक प्रवासी अडला तर दुसराही अडतो.

बारा वाजता तो त्याच खुर्चीत होता. रडणं म्हणजे काय हे त्याला ऐकून ठाऊक होतं. घसा दाटतो म्हणे, छातीत काही तरी हलतं. त्याचा घसा मोकळा होता, छातीत सगळं जागच्या जागी होतं. नुसतं पाणी येत होतं, टाकी भरली की पाइपातून येतं तसं, शांतपणे. मग हे कसलं? सवयीनं त्याचा हात खिशात गेला आणि किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेल्या वायसरवर टेकला. साधा लोखंडी वायसर, रुपयाएवढा पण जाडजूड, मधे भोक. विचार करताना तो त्याच्या भोकात बोटाचं टोक घालून फिरवायचा. आता त्यानं तो फिरवला, आणि दहाव्या फेऱ्याला त्याला एकदम वास आला. नाकात सकाळपासून औषधाशिवाय कशाचा वास नव्हता. पण हा वास आला. तेल लावलेल्या लोखंडाचा, पोत्याचा, वर्तमानपत्राच्या पुड्यांचा. वडिलांच्या दुकानाचा वास.

वडिलांचं खिळ्यांचं दुकान होतं. खिळे, स्क्रू, कड्या, कोयंडे, पण मुख्य खिळे. आणि खिळे वजनावर. लहानपणी तो गल्ल्यामागे पोत्यावर बसून वडिलांचा हात पाहायचा. वडील खिळे घालत ते मुठीनं, शेवटचे चार-पाच खिळे मात्र बोटांनी एकेक करून सोडत, आणि काटा मधे आला की हात झटकून म्हणत, "घ्या." त्या तराजूमुळेच तो या खात्यात आला असावा, निदान मुलाखतीत तरी त्यानं तसं सांगितलं होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्याच्याकडे जी यादी आली तिच्यात ते दुकान होतं. यादी बदलून मागता आली असती. त्यानं मागितली नाही. उलट त्याला छान वाटलं. तो सकाळी घरून वडिलांच्या बरोबरच निघाला, दुकानापाशी पोचल्यावर बाहेर थांबला, वडिलांना कुलूप काढू दिलं, आणि मग आत येऊन म्हणाला, "तपासणी आहे." वडील म्हणाले, "या साहेब." तराजू उत्तम निघाला. दोन किलोचं बरोबर, अर्ध्याचं बरोबर. एक किलोचं वजन वीस ग्रॅमनं जड होतं. त्यानं ते उलटं केलं. लोखंडी वजनाला बुडाशी खळगी असते, त्या खळगीतल्या शिशावर खात्याचा ठसा असतो. ठशावर कुणीतरी मेणानं एक वायसर चिकटवला होता.

वजन जड असलं की माल जास्त जातो. गिऱ्हाईक किलोचे पैसे देतं आणि वीस ग्रॅम वर घेऊन जातं. एकोणतीस वर्षांत त्यानं हजारो खोटी वजनं पाहिली. दुकानदाराच्या विरुद्ध खोटं असलेलं हे एकच. तेव्हा मात्र त्याला एवढंच दिसलं की वीस ग्रॅम हे क्षम्य त्रुटीच्या फार पलीकडे आहे. "हे काय आहे?" त्यानं विचारलं. वडील जरा ओशाळले. "अरे, ठोकताना दोन-चार वाकतातच," ते म्हणाले. "सुताराचा हात कितीही सरळ असू दे. ते वाकलेले त्यानं का भरायचे?" "मग मोजून वर घाला. वजनात कशाला?" "मोजून घातले की तो उपकार होतो," वडील म्हणाले. "वजनात गेले की कळत नाही." त्यानं हे वाक्य ऐकलं आणि लिहून घेतलं नाही, कारण जबाबाच्या नमुन्यात त्याला जागा नव्हती. त्यानं लिहिलं: वजन सदोष. कलम लावलं, वजन जप्त केलं, पुरावा म्हणून वायसर पाकिटात घातला. वडिलांनी कार्बनच्या तिन्ही प्रतींवर सही केली आणि तिसरी नीट उठली नाही म्हणून पुन्हा एकदा दाबून केली. संध्याकाळी दोघं एकत्र घरी आले. वाटेत वडिलांनी त्याला त्याचे पाय दुखतात का ते विचारलं. पुढं प्रकरण मिटलं, पाकीट परत आलं, आणि तो वायसर त्यानं जुडग्यात अडकवला. का, हे त्यानं स्वतःला विचारलं नव्हतं. नऊ वर्षांनी वडील गेले. तेव्हा तो कोरडा होता. सगळे म्हणाले, काय खंबीर आहे. तो खंबीर नव्हता; नुसती कुठल्यातरी आतल्या खोलीची कडी लागलेली होती, आणि तिथपर्यंत जायला आज सकाळपर्यंत कुणाकडे काडी नव्हती.

दांडी हलली आणि तो वर आला. बायको परत येऊन बसली होती. तिच्या हातात दोन चहाचे कप होते. एक तिनं त्याच्याकडे दिला. "तीनला अजून दीड तास आहे," ती म्हणाली. "रागावले नाही मी. पाय दुखत होते, तिकडं वारा होता." तिकडं वारा नव्हता. त्यानं चहाचा घोट घेतला आणि मग, आपण काय करतोय हे कळायच्या आत, जुडगा काढून तिच्यापुढं धरला. "हा वायसर," तो म्हणाला. "कुठला आहे माहितीये तुला?" "माहितीये." "नाही, तुला माहीत नाही. मी कधी बोललो नाही. हा बाबांच्या..." "किलोच्या वजनाखालचा," बायको म्हणाली. "तुम्ही केस केली होतीत. आपल्या लग्नाच्या आदल्या वर्षी." तो तिच्याकडे बघत राहिला, म्हणजे एका डोळ्यानं, दुसऱ्यातून काही दिसत नव्हतं. "तुला कुणी सांगितलं?" "त्यांनीच. आणखी कोण सांगणार?" ती चहात फुंकर मारत म्हणाली. "दर महिन्याला माल आणायला जायचे ना ते, तेव्हा माझ्या खिडकीशी यायचे. गाडीची वेळ त्यांना तोंडपाठ होती, तरी विचारायचे. मग मागं वळून रांगेतल्या लोकांना सांगायचे, ही माझी सून. आणि हिचा नवरा कोण माहितीये? माझा मुलगा. वजनमापं खात्यात आहे. त्यानं बापाचंसुद्धा वजन सोडलं नाही! दर महिन्याला. रांग खोळंबायची. मी म्हणायचे, बाबा, गाडी सुटेल. तर म्हणायचे, सुटू दे गं, आधी यांना ऐकू दे."

हॉलमध्ये कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. त्यानं कप खुर्चीच्या हातावर ठेवायचा प्रयत्न केला, पण खुर्चीला हात नव्हता. बायकोनं कप पकडला. "आठ वर्षं?" त्यानं विचारलं. "गेले त्याच्या आदल्या महिन्यापर्यंत." "आणि तू मला सांगितलं नाहीस? अगं, ते जाऊन एकोणीस वर्षं झाली." बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. तिला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसत होतं. "तुम्ही विचारलं कुठं?" ती म्हणाली. "मी चौकशीच्या खिडकीत होते. विचारल्याशिवाय सांगायची सवयच नाही मला." मग जरा वेळानं, हलक्या आवाजात: "मला वाटायचं तुम्हाला ठाऊक आहे. जुडग्यात घालून हिंडता, म्हटलं अभिमानानंच घालत असाल. दोघंही एकाच गोष्टीची फुशारकी मारताय, ते तोंडानं, तुम्ही किल्ल्यांनी." डावा डोळा, जो मघापासून ठिबकत होता, तो आता सरळ वाहायला लागला. बायकोनं घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्या डोळ्याकडे, आणि मोठा सुस्कारा सोडला. "घ्या," ती म्हणाली. "मीच वाढवला."

तीन वाजता डॉक्टरीणबाईंनी त्याची पापणी उलटी करून आत टॉर्च मारला. बाई पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, सकाळपासून दोनशे माणसं पाहून डोळ्यांखाली सावल्या आलेल्या. "कधीपासून वाहतोय?" "नऊ चौदापासून." "दुखतं? खाज येते? चिकटतो?" "नाही." "घरात कुणाचे डोळे आलेत?" "नाही." "लाल तर दिसत नाही," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "ॲलर्जी आहे कशाची?" "नाही." त्यांनी टॉर्च बंद केला. "मग मी कारण काय लिहू? कारणाशिवाय मला सही करता येत नाही. मागच्या फेरीनंतर तर मुळीच नाही. कशामुळं येतंय पाणी?" टेबलाच्या कडेला बायको बॅग पोटाशी धरून उभी होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे पाहत होती. आता 'ॲलर्जी' म्हणायचं, धूळ म्हणायचं, काहीही म्हणायचं, तिच्यासाठी म्हणायचं. त्यानं तोंड उघडलं. पण काटा खरं बोलतो आणि एकदाच बोलतो. "वडील वारले," तो म्हणाला.

बाई एकदम मऊ झाल्या. हातमोजे काढून त्यांनी बाजूला ठेवले. "अरेरे. आणि तरी तुम्ही निघालात? कधी?" "एकोणीस वर्षं झाली," तो म्हणाला. बाईंनी बायकोकडे पाहिलं, जसं पेशंट काही विचित्र बोलला की नातेवाइकाकडे पाहतात. बायको अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाली, "तेव्हा त्यांना जमलं नव्हतं. तपासणीचे दिवस होते." बाई फॉर्मकडे वळल्या. फॉर्मवर चार चौकोन होते: साथ, जखम, ॲलर्जी, इतर. त्यांचं पेन थोडा वेळ हवेतच राहिलं. "किती म्हणालात?" "एकोणीस." "माझ्या आईला अकरा झाली," बाई म्हणाल्या. "मला अजून काहीच नाही आलं." त्यांनी हे रिपोर्ट वाचावा तसं म्हटलं. "म्हणजे आणखी आठ धरायला हरकत नाही," तो म्हणाला. त्याला विनोद करायचा नव्हता. त्यानं वजाबाकी केली होती. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, जणू तारीख मिळाली. मग 'इतर'वर खूण करून पुढे लिहिलं: वडील. आणि खालच्या ओळीवर रबरी शिक्का जोरात दाबला. संसर्गजन्य नाही. सही झोकून दिली आणि म्हणाल्या, "तिकडं वरच्या मजल्यावर वारा असतो भरपूर. उभे राहा जरा. येऊ द्या आलं तर."

शेवटची खिडकी थेट धक्क्यावर होती. अर्धगोल भोक असलेली काच, आणि काचेमागे एक कारकून, मान खाली घालून. त्याच्या पलीकडे जहाज होतं, पण ते इतकं मोठं होतं की जहाज म्हणून दिसतच नव्हतं. पांढरी भिंत दिसत होती आणि तिला शेकडो खिडक्या. कारकुनानं मान वर न करता दोन चिठ्ठ्या पुढं सरकवल्या. तपासणीनंतर प्रकृतीत काही बदल झाला आहे काय? नाक, डोळे, घसा? होय, नाही. खाली सही. रिवाजाप्रमाणे दोन्ही चिठ्ठ्या त्यानं आपल्याकडे ओढल्या. स्वतःची भरली: नाही. ते खरंच होतं. वाहत होता, तसाच वाहत होता, बदल काही नव्हता. मग बायकोची पुढं घेतली, पेन टेकवलं आणि सवयीनं, खात्री करून घ्यायला म्हणून, वर पाहिलं.

बायको खिडकीशी वाकून उभी होती. त्या अर्धगोल भोकाला तोंड लावून, हळूच, जणू चुकीचं काही विचारतेय अशी, ती त्या कारकुनाला विचारत होती, "ही किती वाजता सुटते हो?" "पाच," कारकून म्हणाला. "वेळेवर सुटते का पण?" "बघू," कारकून म्हणाला. ती तशीच उभी राहिली. काचेत तिचा चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावरून दोन्ही डोळ्यांचं पाणी वाहत होतं, आवाज नाही, हुंदका नाही, नाक मात्र लाल झालेलं. ती ते पुसत नव्हती, कारण तिला ते बहुधा कळलंच नव्हतं. कारकुनाची मान अजून खाली होती. रांगेत मागं पंधरा-वीस माणसं होती. बाईंचा शिक्का त्याच्या खिशातल्या कागदावर अजून ओला असेल.

त्यानं तिच्या चिठ्ठीकडे पाहिलं. होय, नाही. पेन कसं धरायचं हे त्याला क्षणभर समजेना. मग त्यानं ते नेहमीसारखंच धरलं. 'नाही'वर खूण केली. ती जरा जाडच उठली. तिनं न वाचता सही केली, आणि त्यानं दोन्ही चिठ्ठ्या उलट्या करून, पालथ्या वजनासारख्या, काचेखालून आत सरकवल्या.

"घ्या," तो म्हणाला.